स्नॅपपूर्वीची हालचाल : कोण हलू शकतो आणि कोण नाही

अमेरिकन फुटबॉलविषयी या स्तंभाकडे येणाऱ्या प्रश्नांत अलीकडे एकाच विषयाची गर्दी झाली आहे. चेंडू खेळात येण्यापूर्वी आक्रमण करणाऱ्या संघाला किती आणि कशी हालचाल करता येते, हा तो विषय. म्हणून या वेळचा संपूर्ण स्तंभ त्यालाच दिला आहे. उत्तरे प्रामुख्याने एनएफएल या व्यावसायिक लीगच्या नियमांना धरून आहेत. इतरत्रचे नियम जिथे लक्षणीय वेगळे पडतात तिथे तसे म्हटले आहे.

प्रश्न : चेंडू खेळात येण्यापूर्वी आक्रमक संघाचा एखादा खेळाडू मैदानाच्या रुंदीतून चक्क आडवा धावत सुटतो आणि पंच त्याच्याकडे काणाडोळा करतात. पुढच्याच खेळीत मधल्या फळीतला एखादा धिप्पाड गडी जेमतेम खांदा हलवतो आणि लगेच शिट्टी वाजून पाच यार्डांचा दंड होतो. धावणारा सुटतो आणि दचकणारा सापडतो, हा कुठला न्याय?

उत्तर : आपल्याला खटकणाऱ्या या भेदाचे मूळ स्नॅपच्या क्षणात आहे. सेंटर हा खेळाडू जमिनीवर ठेवलेला चेंडू दोन्ही पायांमधून मागे आक्रमणाचा सूत्रधार असलेल्या क्वार्टरबॅककडे देतो, त्याला स्नॅप म्हणतात, आणि खेळी त्या क्षणापासून सुरू होते. हा क्षण कधी येणार हे आक्रमण करणाऱ्या संघाला आधीच ठाऊक असते, कारण कितव्या पुकाऱ्यावर चेंडू निघेल हे क्वार्टरबॅकने हडलमध्ये, म्हणजे खेळीपूर्वी संघ घोळका करून उभा राहतो तेव्हा, सांगून ठेवलेले असते. समोरच्या अकरा जणांना मात्र चेंडू हललेला पाहिल्यावरच ते कळते. निमिषार्धाची ही आघाडी या खेळात फार मोठी असते. नियमकर्त्यांनी ती आक्रमणाकडून काढून घेतलेली नाही, पण तिच्या जोडीला आणखी दोन फायदे उपटता येऊ नयेत याची तजवीज केली आहे. स्नॅप झाल्याचा खोटा भास निर्माण करून बचाव करणाऱ्याला रेषेपलीकडे, म्हणजे चेंडूपाशी दोन संघांना विभागणाऱ्या काल्पनिक रेषेपलीकडे, ओढून घेणे हा एक, आणि स्नॅपच्या आधीच पुढच्या दिशेने धाव घेऊन अंगात वेग भरून घेणे हा दुसरा. स्नॅपपूर्व हालचालीचे जवळपास सगळे नियम या दोहोंपैकी एकाला आळा घालण्यासाठी झालेले आहेत.

या कसोटीवर आपली दोन्ही उदाहरणे पाहावीत. आडवा धावणारा खेळाडू रेषेला समांतर जात असतो. त्याच्या वेगाचा पुढच्या दिशेने थेट उपयोग होत नाही आणि त्याच्या धावण्यामुळे चेंडू निघाला असा कोणाचा गैरसमजही होत नाही. एका वेळी एकच खेळाडू, तोही समांतर किंवा मागे जात असेल, तर स्नॅपच्या क्षणीसुद्धा त्याने धावत राहण्यास हरकत नसते. यालाच मोशन म्हणतात. रेषेवर एक हात जमिनीला टेकवून बसलेल्या, सेंटरशेजारच्या गार्डची किंवा त्याच्या पलीकडच्या टॅकलची गोष्ट निराळी आहे. त्याच्या नाकासमोर, चेंडूच्या लांबीइतक्या म्हणजे सुमारे ११ इंचांच्या मोकळ्या पट्ट्यापलीकडे, बचाव संघाचा खेळाडू वाकून बसलेला असतो आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसणारी पहिली हालचाल हीच त्याच्यासाठी उठण्याची खूण असते. अशा ठिकाणी गार्डचा खांदा झटक्यात हलला तर समोरचा हमखास उसळून पुढे येतो. म्हणून स्नॅपची नक्कल ठरेल अशी कोणतीही झटक्याची हालचाल फॉल्स स्टार्ट ठरते. ती जाणूनबुजून केली की अनवधानाने झाली याची चौकशी होत नाही. समोरचा प्रत्यक्षात फसलाच पाहिजे अशीही अट नाही.

मधल्या पाच जणांवर, म्हणजे एका टॅकलपासून दुसऱ्या टॅकलपर्यंतच्या खेळाडूंवर, याहून कडक बंधन आहे. त्यांच्यापैकी एखाद्याने हात जमिनीला टेकवून बैठक घेतली की तो हात उचलणे हाच गुन्हा ठरतो, मग तो कितीही सावकाश उचललेला असो. दोन पायांवर उभा असलेला लाइनमन, म्हणजे या फळीतला खेळाडू, मात्र शेजाऱ्याला बोटाने दाखवून कोणाला अडवायचे ते सांगू शकतो, जागा थोडी बदलू शकतो, हात टेकवून खाली बसू शकतो. अट एवढीच की त्यानंतर तो पुन्हा स्थिर झाला पाहिजे. रेषेच्या टोकाला उभा राहणारा टाइट एन्ड या कडक नियमातून वगळलेला आहे. त्याने हात उचलून दुसरी जागा घेतली तरी चालते. हा भेद ध्यानात नसेल तर सामना पाहताना पंच पक्षपात करत असल्याची शंका येते, आणि बहुतेक वेळा ती निराधार असते.

प्रश्न : मोशन आणि शिफ्ट हे शब्द समालोचक आलटून पालटून वापरतात. त्यांत नियमाच्या दृष्टीने काही फरक आहे का? आणि ज्या ‘एका सेकंदा’चा उल्लेख वारंवार होतो तो कोणाला लागू होतो?

उत्तर : फरक आहे, आणि अनेक दंड तो नीट न सांभाळल्यामुळेच होतात. शिफ्ट म्हणजे एका किंवा अधिक खेळाडूंनी आपली जागा किंवा बैठक बदलणे. शिफ्टमध्ये अकराच्या अकरा जण हलले तरी नियमाला त्याचे वावडे नाही. मात्र त्यानंतर स्नॅपपूर्वी अकराही जणांनी एकाच वेळी पूर्ण थांबून निदान एक पूर्ण सेकंद स्थिर राहिले पाहिजे. हडल मोडून जागा घेतल्यावरही हेच लागू होते. हा सेकंद भरल्यानंतर रेषेमागच्या कोणत्याही एका खेळाडूला मोशनमध्ये जाता येते, आणि त्या एकट्याला स्नॅपपूर्वी पुन्हा थांबण्याची सक्ती नसते.

गोंधळ होतो तो दोन हालचाली एकमेकींत मिसळल्यावर. समजा, डाव्या बाजूचा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, मोशनमध्ये निघाला आणि तो अजून चालत असतानाच रनिंग बॅकने, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याने, क्वार्टरबॅकच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला दोन पावले टाकली. आता दोघे हलत आहेत, म्हणजे ही शिफ्ट झाली, आणि सेकंदाचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. दोघेही थांबून सर्व अकरा जण एक सेकंद स्थिर होण्याआधी चेंडू निघाला तर ती बेकायदा शिफ्ट ठरते. मोशनमधला एकटा खेळाडू स्नॅपच्या क्षणी रेषेच्या दिशेने, अगदी तिरका का होईना, पुढे सरकत असेल तर ते बेकायदा मोशन ठरते. दोन्हींचा दंड ५ यार्डांचाच आहे. पंचांच्या खुणेवरूनही ते ओळखता येतात : बेकायदा मोशनसाठी पंच एक हात छातीसमोरून आडवा बाहेर नेतात, बेकायदा शिफ्टसाठी दोन्ही हात, आणि फॉल्स स्टार्टसाठी दोन्ही हात छातीसमोर एकमेकांभोवती फिरवतात.

शिफ्टचे सर्वांत गाजलेले अलीकडचे उदाहरण ४ फेब्रुवारी २०१८ रोजी मिनियापोलिस येथे झालेल्या ५२व्या सुपर बोलमधले, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यातले, आहे. पहिला अर्धा संपत आलेला, चौथा डाउन म्हणजे आक्रमणाच्या चार संधींपैकी शेवटची, गोलरेषा एका यार्डावर. फिलाडेल्फिया ईगल्सचा क्वार्टरबॅक निक फोल्स सेंटरच्या मागची आपली जागा सोडून काही तरी सूचना देण्याच्या आविर्भावात पुढे चालत आला आणि उजव्या टॅकलच्या मागे थांबला. त्यानंतर चेंडू थेट कोरी क्लेमेंटकडे गेला, त्याच्याकडून ट्रे बर्टनकडे, आणि बर्टनने तो मोकळ्या उभ्या असलेल्या फोल्सकडेच फेकला. या खेळीची सारी मदार फोल्सच्या त्या थांबण्यावर होती. तो रेषेकडे चालत असताना चेंडू निघाला असता तर पुढच्या दिशेची हालचाल म्हणून टचडाउन, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू नेल्याचे गुण, रद्द झाला असता. ईगल्सनी तो सामना ४१-३३ असा जिंकला.

मोशनचे तितकेच देखणे उदाहरण १२ फेब्रुवारी २०२३ च्या ५७व्या सुपर बोलमधले आहे, आणि या वेळी फसलेला संघ ईगल्सचा होता. चौथ्या क्वार्टरमध्ये गोलरेषेपासून ५ यार्डांवर कॅन्सस सिटी चीफ्सचा रिसीव्हर कडॅरियस टोनी बाहेरच्या बाजूने आत येऊ लागला. तो मैदान ओलांडून पलीकडे जाणार असे गृहीत धरून ईगल्सचे बचावपटू आपापसांत जबाबदारी बदलू लागले, आणि नेमक्या त्याच वेळी टोनी पाय रोवून उलट फिरला व बाहेर पळाला. चेंडू त्याच्या हातात आला तेव्हा आसपास कोणीही नव्हते. त्याच क्वार्टरमध्ये ४ यार्डांवरून स्काय मूरने दुसऱ्या बाजूला हीच हुलकावणी दिली आणि दुसरा टचडाउन पदरात पडला. दोन्ही वेळी खेळाडू एकटा हलत होता आणि त्याची दिशा आडवी होती, त्यामुळे नियमाला बोट ठेवायला जागा उरली नाही. चीफ्सनी सामना ३८-३५ असा जिंकला.

प्रश्न : दोष दाखवणारा पंचांचा झेंडा पडल्यावर कधी खेळ तिथल्या तिथे थांबतो, तर कधी शेवटपर्यंत चालू राहतो. असे का?

उत्तर : फॉल्स स्टार्टमध्ये चेंडू खेळात आला असे मानलेच जात नाही. शिट्टी तत्काळ वाजते, डाउन तोच राहतो आणि संघ पाच यार्ड मागे जातो. स्वतःची गोलरेषा फार जवळ असेल तर उरलेल्या अंतराच्या निम्मे. बेकायदा मोशन आणि बेकायदा शिफ्ट हे दोष स्नॅप झाल्यावरच पूर्ण होतात, म्हणून खेळी पुरी होऊ दिली जाते आणि मग बचाव करणाऱ्या संघाला निवड मिळते. आक्रमणाने २० यार्ड कमावले असतील तर तो संघ दंड स्वीकारून ते पुसून टाकतो. क्वार्टरबॅक ८ यार्ड मागे पाडला गेला असेल तर दंड नाकारून ते नुकसान तसेच ठेवतो. फॉल्स स्टार्टवर खेळी चालू ठेवली तर खोट्या हालचालीला भुलून निघालेला बचावपटू आणि बेसावध क्वार्टरबॅक यांची धडक होऊ शकते, हे ध्यानात घेता तत्काळ शिट्टी वाजवणे शहाणपणाचे आहे.

प्रश्न : क्वार्टरबॅक मुद्दाम आवाजाची पट्टी बदलून समोरच्यांना उठवतो, तेव्हा ती फसवणूक चालते. मग लाइनमनने शरीराने केलेली फसवणूक का चालत नाही? आणि प्रेक्षकांच्या आरडाओरड्याचा या दंडांशी खरोखर संबंध असतो का?

उत्तर : प्रश्नाचा पहिला भाग मार्मिक आहे. आवाजाच्या या डावपेचाला हार्ड काउंट म्हणतात. क्वार्टरबॅक दोन पुकारे संथ देतो आणि तिसरा एकदम चढ्या सुरात फेकतो. आपल्या माणसांना चेंडू पाचव्यावर निघणार हे माहीत असते, समोरच्याला नसते. नियमांना ही फसवणूक मान्य आहे, कारण बचावपटूने चेंडूकडे पाहावे, कानांवर भिस्त ठेवू नये, अशी त्यांची अपेक्षा असते. आवाजाला शरीराची जोड मात्र देता येत नाही. समोरच्याला उठवण्याच्या उघड हेतूने क्वार्टरबॅकने मान किंवा खांदे झटकले तर तोही फॉल्स स्टार्टच होतो. चौथ्या डाउनला एखादाच यार्ड हवा असताना संघ कधी कधी चेंडू काढण्याचा विचारही न करता नुसता हार्ड काउंट करून पाहतो. समोरचा फसला तर पाच यार्ड आयते मिळतात, नाही तर टाइमआउट घेऊन किंवा वेळकाढूपणाचा दंड पत्करून किकचा मार्ग मोकळा असतोच. क्वार्टरबॅक एरॉन रॉजर्सने तर या डावपेचाची कला केली. बचावपटू पलीकडे आला की तो तत्क्षणी चेंडू मागून घेई आणि लांबवर फेकून मोकळा होई. पास साधला तर उत्तम, फसला तरी दंडाचे पाच यार्ड खिशात होतेच.

गोंगाटाचा संबंध थेट आहे. पाहुण्या संघाच्या लाइनमनना क्वार्टरबॅकचा आवाज ऐकू येईनासा झाला की त्यांची ती निमिषार्धाची आघाडी नाहीशी होते. टोकाचा टॅकल चेंडूकडे पाहून उठू लागला तर तो उशिरा उठतो आणि वेगवान एज रशर, म्हणजे कडेने घुसणारा बचावपटू, त्याला वळसा घालून जातो. तो अंदाजाने उठला तर झेंडा पडतो. यावर उपाय म्हणून मूक काउंट वापरतात. गार्ड मान मागे वळवून क्वार्टरबॅककडे पाहतो, क्वार्टरबॅक पाय उचलून खूण करतो, गार्ड सेंटरच्या अंगाला हळूच थापटतो आणि ठरलेल्या अंतराने सेंटर चेंडू काढतो. ही सारी साखळी सुरळीत चालली तरी ती आवाजाइतकी चपळ नसते. २७ नोव्हेंबर २००५ रोजी सिअ‍ॅटलमध्ये न्यूयॉर्क जायंट्सवर एकाच सामन्यात ११ फॉल्स स्टार्ट नोंदले गेले आणि तो सामना अतिरिक्त वेळेत त्यांच्या हातून निसटला. कॅन्सस सिटीच्या अ‍ॅरोहेड स्टेडियमवर २९ सप्टेंबर २०१४ रोजी प्रेक्षकांचा आवाज १४२.२ डेसिबल मोजला गेला आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. अशा कल्लोळात खांदा न हलवता बसून राहणे किती कठीण असेल याचा विचार करता, फॉल्स स्टार्ट झाल्यावर लाइनमनवर तुटून पडणारे समालोचक मला थोडे अन्यायी वाटतात.

प्रश्न : बचाव संघाचा खेळाडू आधी पुढे झेपावला आणि त्याला पाहून आक्रमक संघाचा लाइनमन दचकला, तर दोष कोणाचा?

उत्तर : बचावपटू मधल्या मोकळ्या पट्ट्यात शिरला असेल आणि त्यामुळे त्याच्या निकटचा आक्रमक खेळाडू लगेच हलला असेल, तर दंड बचाव संघाला होतो. पट्ट्यात न शिरता आपल्या बाजूला राहून बचावपटूने जागा बदलली आणि त्याने गार्ड बिचकला, तर मात्र फॉल्स स्टार्टच. म्हणूनच अशा प्रसंगी दोन्ही बाजूंचे खेळाडू एकमेकांकडे बोट दाखवताना दिसतात आणि रेषेच्या दोन्ही टोकांना उभे असलेले पंच एकत्र येऊन प्रथम कोण हलले ते ठरवतात. बचावपटूंनी आक्रमणाला चुकवण्यासाठी खोटे पुकारे देणे किंवा रेषेजवळ अस्वाभाविक झटके मारणे हेही नियमबाह्य आहे.

प्रश्न : एका सेकंदाची अट मुळात आली कुठून?

उत्तर : या खेळाच्या आरंभीच्या दशकांत पुढच्या दिशेने आधीच वेग घेण्याला फारसा अटकाव नव्हता, आणि त्याचे परिणाम भीषण होते. १८९२ मध्ये हार्वर्डने येलविरुद्ध ‘फ्लाइंग वेज’ नावाची रचना आणली. खेळाडूंचे दोन गट लांबून धावत येऊन पाचरीच्या आकारात एकत्र होत आणि चेंडू बाळगणारा त्यांच्या आडोशाने पुढे घुसे. ती बसवणारे लोरिन डिलँड स्वतः फुटबॉल खेळलेले नव्हते. त्यांना बुद्धिबळाचा आणि नेपोलियनच्या युद्धतंत्राचा नाद होता. दुखापतींचे प्रमाण पाहता १८९४ मध्येच या रचनेवर बंदी आली. पुढे १९०६ मध्ये दोन संघांमधला मोकळा पट्टा निश्चित झाला आणि १९१० मध्ये आक्रमणाचे सात खेळाडू रेषेवर असलेच पाहिजेत असा दंडक आला. सातांचा हा आकडा एनएफएलमध्ये आजही कायम आहे. महाविद्यालयीन नियम तीच गोष्ट उलट बाजूने सांगतो आणि रेषेमागे चारांहून अधिक खेळाडू नकोत एवढेच बजावतो.

तरीही शिफ्टची पळवाट उघडीच होती, आणि तिचा सर्वांत कुशल वापर नोत्र दाम विद्यापीठाचे प्रशिक्षक नूट रॉक्नी यांनी केला. त्यांच्या रचनेत रेषेमागचे चार खेळाडू प्रथम एका आकारात उभे राहत, मग तालात पावले टाकून डावीकडे किंवा उजवीकडे चौकोनात सरकत, आणि त्यांचे पाय टेकतात न टेकतात तोच चेंडू निघे. कागदावर ते थांबलेले असत. प्रत्यक्षात त्यांच्या अंगातला वेग जिरलेला नसे, आणि समोरच्या संघाला नव्या रचनेप्रमाणे सावरायला अवधीच मिळत नसे. थांबले की नाही, हा वाद पंचांच्या डोळ्यांवर सोपवणे अवघड जाऊ लागले, म्हणून १९२७ मध्ये पूर्ण एका सेकंदाचा थांबा सक्तीचा करण्यात आला. हाच सेकंद आज आपण ऐकतो. रॉक्नी यांच्या संघाचे यश त्यानंतरही आटले नाही, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांना बहुधा रुचली नसावी.

प्रश्न : कॅनडातील एका सामन्यात दोन-तीन रिसीव्हर चेंडू निघण्यापूर्वीच रेषेच्या दिशेने भरधाव धावत येताना दिसले आणि कोणी हूं की चूं केले नाही. तिथे नियमच नाहीत का?

उत्तर : आहेत, पण कॅनडाने दुसरी वाट धरली आहे. तिथे क्वार्टरबॅक वगळता रेषेमागच्या सर्व खेळाडूंना कोणत्याही दिशेने, पुढेसुद्धा, धावण्याची मुभा असते. स्नॅपच्या क्षणी ते रेषेमागे असले म्हणजे झाले. या धावेला वॅगल म्हणतात. त्या खेळात डाउन तीनच, प्रत्येक संघात खेळाडू बारा आणि मैदानही ११० यार्ड लांब असल्यामुळे आक्रमणाला अशी सवलत देणे त्यांना परवडते. रेषेवरच्या लाइनमनना मात्र तिथेही स्थिरच राहावे लागते, आणि बचावफळीला चेंडूपासून एक यार्ड मागे उभे केले जाते.

प्रश्न : खेळाडू हललाच नाही, तरी केवळ उभे राहण्याच्या जागेवरून टचडाउन रद्द होऊ शकतो का?

उत्तर : होऊ शकतो, आणि १० डिसेंबर २०२३ रोजी तसे घडले. बफेलो बिल्सविरुद्ध अखेरच्या दोन मिनिटांत चीफ्सच्या ट्रॅव्हिस केल्सीने पास झेलून चेंडू मागे टोनीकडे फेकला आणि टोनी गोलरेषेपलीकडे पोहोचला. परंतु स्नॅपच्या वेळी टोनीचे पाऊल मोकळ्या पट्ट्यात होते, म्हणून आक्रमक संघाचा ऑफसाइड दिला गेला आणि बिल्सनी सामना २०-१७ असा राखला. टीका पंचांवर झाली, पण चित्रफीत पाहिल्यास निर्णयात खोट काढता येत नाही. बाहेरच्या बाजूचा रिसीव्हर आपण बरोबर उभे आहोत का, हे जवळच्या पंचाकडे पाहून विचारू शकतो. बहुतेक रिसीव्हर तसे विचारतातही.

प्रश्न : पूर्वीच्या सामन्यांच्या मानाने आता मोशन फारच वाढलेले दिसते. नियम सैल झाले आहेत का?

उत्तर : नियम तेच आहेत, प्रशिक्षक त्यांचा अधिक कस काढू लागले आहेत. मोशनचा जुना उपयोग टेहळणीचा होता. धावणाऱ्याच्या मागे बचावपटू मैदानभर गेला तर प्रत्येकाने एकेक माणूस वाटून घेतला आहे असे क्वार्टरबॅक समजतो. सगळे जागच्या जागी थोडे सरकले तर आपापला टापू राखण्याचा बेत आहे हे उघड होते. आता त्यात गतीचा उपयोग मिसळला आहे. २०२३ मध्ये प्रशिक्षक माइक मॅकडॅनियल यांच्या मायामी डॉल्फिन्सने रिसीव्हर टायरिक हिलला स्नॅपच्या अगदी आधी बाहेरच्या दिशेने आडवी छोटी झेप घ्यायला लावली. चेंडू निघतो तेव्हा तो मुळातच वेगात असतो, म्हणून एका पावलात वळून पुढे निसटतो, आणि त्याला रेषेवरच धक्का देऊन रोखण्याची संधी समोरच्याला मिळत नाही. त्या मोसमात २४ सप्टेंबरला डॉल्फिन्सनी डेन्व्हरविरुद्ध ७० गुण व ७२६ यार्ड नोंदवले. सगळे श्रेय मोशनला देणे भाबडेपणाचे होईल, परंतु आडवा वेग निरुपयोगी असतो हे वर मी सांगितलेले गृहीतक अशा धावपटूमुळे बरेच पातळ होते, हे मान्य करावे लागते. स्नॅपच्या क्षणी त्याचे पाऊल किंचित पुढे वळले होते की नाही, हे उघड्या डोळ्यांनी ठरवणे आता पंचांना पूर्वीपेक्षा कठीण जाते.

हीच अडचण ईगल्सच्या ‘टश पुश’ खेळीतही, म्हणजे चेंडू घेतलेल्या क्वार्टरबॅकला सहकारी मागून पुढे ढकलतात त्या खेळीतही, आहे. मे २०२५ मध्ये तिच्यावर बंदी घालण्याच्या प्रस्तावाच्या बाजूने २२ आणि विरोधात १० मते पडूनही तो फेटाळला गेला, कारण मंजुरीसाठी २४ मते लागतात. त्यानंतरच्या मोसमात वाद ढकलण्यावरून हटून, दाटीवाटीने बसलेले गार्ड चेंडूच्या क्षणभर आधी उठतात का, या प्रश्नावर आला. खांद्याला खांदा लावून खाली वाकलेल्या त्या ढिगाऱ्यात ते बाजूने पाहणाऱ्या पंचाला दिसणे जिकिरीचे असते.

प्रश्न : सामन्याच्या शेवटी घड्याळ चालू असताना एखाद्या संघाने मुद्दाम फॉल्स स्टार्ट करून घड्याळ थांबवले तर?

उत्तर : ही युक्ती नियमकर्त्यांनी आधीच हेरलेली आहे. प्रत्येक अर्ध्याच्या अगदी अखेरच्या टप्प्यात चालू घड्याळ असताना आक्रमणाच्या अशा दोषामुळे स्नॅप अडला, तर पाच यार्डांच्या जोडीला घड्याळातून १० सेकंदही वजा करता येतात. उरलेला वेळ १० सेकंदांहून कमी असेल तर तो अर्धा तिथेच संपतो. प्रामाणिक घाईतही धोका असतोच. टाइमआउट नसलेला संघ पास झेलून ३० यार्ड पुढे जातो, सगळे लाइनमन धापा टाकत नव्या जागी पोहोचतात, आणि क्वार्टरबॅकला चेंडू ताबडतोब जमिनीवर आपटून घड्याळ थांबवायचे असते. तरीही शेवटचा रिसीव्हर जागेवर येऊन अकराही जणांचा तो एक सेकंद पूर्ण होईपर्यंत त्याला थांबावेच लागते. टाइमआउट शिल्लक असेल तर तो खर्चून १० सेकंदांची वजावट टाळता येते. दंडाचे ५ यार्ड मात्र टळत नाहीत.